अकरा ग्रॅम कुठे गेले?

गोदूबाईला अक्षर म्हणून एकही ओळखता येत नव्हतं, आणि तरी सहासष्ट सालच्या उन्हाळ्यात नववीतल्या दोन पोरी रोज दुपारी तिच्यापुढे फिजिक्स-केमिस्ट्रीचं पुस्तक उघडून बसत. नवापूरच्या खाडीकाठचे लोक हे ऐकून हसायचे. हसणाऱ्यांपैकी एकालाही ते पुस्तक वाचता आलं नसतं, ही गोष्ट वेगळी. पण हसायला कुठे परीक्षा द्यावी लागते?

दोघींतली एक तिची स्वतःची पोर, पारू. दुसरी उषा. उषाचा बाप पंढरी संगमनेरकडचा फिटर. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम निघालं तेव्हा तो बायकोपोरीसकट इकडे आला आणि गोदूबाईच्या ओटीलगतची खोली भाड्याने घेऊन राहिला. दोघी पोरी एकाच बाकावर बसत, एकाच रस्त्याने शाळेत जात, आणि दोघींना रडवणारी गोष्टही एकच होती: धड्याच्या शेवटी दिलेले प्रश्न. धडा वाचला की कळायचा. प्रश्न समोर आला की कळलेलं सगळं पुसून जायचं. शिकवणी लावावी तर शिकवणीवाले पालघरला, आणि पालघर काही पलीकडच्या आळीत नव्हतं.

गोदूबाई होती मिठागराची मुकादम. बाईमाणूस मुकादम, असं त्या पट्टीत दुसरीकडे कुठे नव्हतं. आधी तिचा नवरा वामन मुकादम होता आणि ती त्याच्या हाताखाली मीठ ओढायची. तो तापाने गेला तेव्हा शेठने तिला चार दिवस काम बघायला सांगितलं, आणि ते चार दिवस आता सहा वर्षं चालले होते. त्याला कारण तिची जीभ. वाफ्यातलं पाणी बोटावर घेऊन जिभेला लावलं की ती सांगायची, मीठ आज बसेल, उद्या बसेल, की अजून चार उन्हं पाहिजेत. शेठने एकदा मुंबईहून पाण्यात सोडून खारटपणा मोजायची काचेची नळी आणली होती. नळी जे सांगायची ते गोदूबाई आधीच सांगून मोकळी झालेली असायची. दुसऱ्या हंगामात नळी फुटली आणि शेठने नवी काही आणली नाही. हीच जीभ माणसांवर चालायला लागली की मात्र माणसं रस्ता बदलत.

शिकवण्याची सुरुवात एका नावेवरून झाली. पुस्तकात प्रश्न होता: 'एक नाव समुद्रातून नदीत शिरली. तिचा पाण्यात बुडालेला भाग वाढेल की कमी होईल? कारण द्या.' पारू म्हणे कमी होईल, उषा म्हणे तेवढाच राहील. अर्धा तास दोघी हमरीतुमरीवर. गोदूबाई बाजूला बसून सुकट निवडत होती. शेवटी तिला राहवेना.

"वाढंल गो! भरलेली होडी खाडीत वर नेली का खाली बसते. लहान पोराला पन म्हाईत हाय."

"मावशी, कारण द्यायचंय," उषा म्हणाली.

"कारन काय द्यायचा? गोडा पानी हलका, खारा पानी जड. जड पानी उचलून धरतो, हलका धरत नाय."

आणि पोरींच्या चेहऱ्यावर अजून शंका दिसते म्हटल्यावर ती उठली, खुराड्यातून एक अंडं घेतलं, विहिरीच्या पाण्यात सोडलं. अंडं तळाला गेलं. मग मिठागरातून कळशी भरून आणलेल्या पाण्यात सोडलं. ते वर येऊन बुचासारखं डोलायला लागलं. उषाने पुस्तकातलं घनतेचं वाक्य पुन्हा वाचलं, आणि या वेळी ते वाक्य जागेवरून हललं नाही, डोक्यात बसलं.

तेव्हापासून पद्धत पडून गेली. पारूने प्रश्न मोठ्याने वाचायचा, गोदूबाईने कारण सांगायचं, उषाने गणित करायचं, आणि पारूने आपल्या टपोऱ्या अक्षरात सगळं उतरवायचं. उथळ ताटातलं पाणी खोल तांब्यातल्या पाण्यापेक्षा लवकर का सुकतं? हे मिठागरवालीला विचारायचं म्हणजे माशाला पोहायला शिकवण्यातलाच प्रकार. वारा असला की का सुकतं, ढगाळ हवेत का सुकत नाही, विरघळलेलं मीठ जातं कुठे, हे सगळं तिला पायाखालच्या वाटेसारखं. जिथे तिचं घोडं अडायचं, तिथे ती सरळ सांगायची, "ह्या मला नाय ठाव. मास्तरला विचारा." आरसे आणि भिंगं यांच्यावर तर तिचा रागच होता. पण खारवलेल्या पायांची ही बाई त्या दोन महिन्यांत मनातून फार सुखावली होती. आयुष्यभर जे केलं त्याला पुस्तकात जागा आहे, हे तिला पहिल्यांदाच कळत होतं.

आता त्या पुस्तकावर काय अडलं होतं ते सांगतो. शाळेत दहावीला फिजिक्स-केमिस्ट्रीची एकच तुकडी, आणि जागा मोजक्या. मुलांना पस्तीस गुण पुरे. मुलींना मात्र लेखी परीक्षा आणि प्रयोगवही मिळून पन्नास हवेत, नाहीतर गृहशास्त्र. मुलींना गृहशास्त्राचा रस्ता मोकळा आहेच, मग उगाच कशाला जागा अडवा, असं शाळेचं म्हणणं. पुरणपोळी शिकायला पारूची ना नव्हती, पण त्यासाठी रोज शाळेपर्यंत जाऊन-येऊन सात-आठ मैल चालायची तिची तयारी नव्हती. एकदा पंढरीने जेवताना सहज सांगितलं होतं की केंद्र चालू झालं की तिथे पाणी तपासायची प्रयोगशाळा लागेल, आणि मॅट्रिकला हे विषय घेतलेली माणसं तिथे घेतील, बाया सुद्धा. पारूने हातातला घास खाली ठेवला होता.

"पानी तपासायला नोकरी?"

"तर! पगारी."

"आये, ऐकलास? तू जन्मभर करतंस ता!"

त्या दिवसापासून पोरीच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. आणि पोरीच्या डोक्यात नव्हतं म्हणजे आईच्याही नव्हतं.

एप्रिलमध्ये सकाळची शाळा सुरू झाली. लेखी परीक्षा आटोपली. लेखीचे आणि वहीतल्या बाकी प्रयोगांचे मिळून पारूचे चव्वेचाळीस झाले. उषाचे पन्नासच्या वर गेलेच होते. एक प्रयोग राहिला होता, दहा गुणांचा. पारूला त्यातले सहा मिळाले की गंगेत घोडं न्हालं. प्रयोग घरी करायचा होता: समुद्राचं एक लिटर पाणी घ्या, आटवा, आणि त्यात किती मीठ निघतं ते वजन करून लिहा.

हे ऐकून गोदूबाई खो खो हसली. "ह्ये दहा गुन तर मास्तर आपल्याला ओटीत घालतोय!"

रविवारी सकाळी पारूने भरतीचं पाणी आणलं, उषाने औषधाच्या दुकानातून आणलेल्या मापाने बरोबर एक लिटर मोजलं, आणि गोदूबाईने स्वतः चूल पेटवली. पाणी आटत गेलं. आधी बाजूला पांढरी रेघ आली, मग तळाला मीठ बसायला लागलं. कोणी काही म्हणायच्या आत गोदूबाईने बोट बुडवून जिभेला लावलं, फडक्याने पातेलं उचललं आणि उरलेलं पाणी सरळ परसात ओतून दिलं. तिच्या हाताला विचार करावा लागला नाही. मिठागरात शेवटचं पाणी कडू होतं. ते वेळेवर सोडून दिलं नाही तर सगळं मीठ कडू होतं, ओलं राहतं, शेठचा माल परत येतो. गेल्या सहा वर्षांत गोदूबाईच्या आगराचं मीठ कडू निघालं, असं कोणी म्हणू शकत नव्हतं.

खाली उरलं ते मीठ बघण्यासारखं होतं. गोरंपान, मोकळं, दाणेदार. ग्रॅमचा काटा गावात एकाकडेच, आनंदा सोनाराकडे. त्याने आयुष्यात पहिल्यांदा सोन्याच्या काट्यात मीठ घातलं, आणि दुकानाबाहेर कोणी बघत तर नाही ना याची खात्री करून घेतली. चोवीस ग्रॅम भरलं. पारूने वहीत लिहिलं: मीठ २४ ग्रॅम.

सोमवारी चुरी सरांनी वह्या तपासल्या. चुरी सर केळव्याचे, पानमळेवाल्यांच्या घरातले. विहिरीचं गोडं पाणी पाटाने वेलीला देण्यात त्यांच्या सात पिढ्या गेल्या. माणूस कडक, पण आतबाहेर एकच. वर्गातल्या अडतीस जणांनी उत्तर लिहिलं होतं पस्तीस ग्रॅम. बरोबर पस्तीस, ना अर्धा कमी, ना अर्धा जास्त, कारण ते पुस्तकाच्या पान एकशे बारावर छापलेलं होतं. चोवीस फक्त दोघींचं. सरांनी दोघींच्या वहीत तांबड्या शाईने लिहिलं, 'अकरा ग्रॅम कुठे गेले?' आणि खाली शून्य.

"समुद्राकाठच्या मुली," ते म्हणाले, "आणि समुद्रातलं मीठ मोजता येत नाही? कोणी मदत केली होती?"

पारू म्हणाली, "आईनं."

वर्ग हसला. सर हसले नाहीत, पण त्यांनी थांबवलंही नाही. गुरुवारी दहावीच्या तुकडीची यादी हेडमास्तरांकडे जायची होती.

पारू घरी आली ती दप्तर फेकूनच. गोदूबाईने काय झालं विचारलं तर वही पुढे केली, आणि मग वही वाचता येत नाही हे आठवून स्वतःच वाचून दाखवली. शून्य मात्र वाचावं लागलं नाही. ते गोदूबाईला दिसलं.

"पानी ओतायला कोनी सांगलेला तुला?" पारू म्हणाली. "ह्यो काय शेठचा माल होता? सगळा आटवायचा होता. तू ओतलास आनि माजी जागा गेली. यापुढं माज्या वहीत तू काय सांगू नको."

जिच्या जिभेला दुसरे मुकादम घाबरत, मजूर घाबरत, शेठसुद्धा जपून असे, त्या बाईने वही नीट मिटून कोनाड्यात ठेवली. पोर खरं बोलत होती. चूक आपली. आपण तिला पुढे ढकलता ढकलता खड्ड्यात ढकललं. गोदूबाई पाय ओढत मिठागरावर गेली.

तिथे मजूर शेवटच्या वाफ्याचं तोंड फोडून कडू पाणी खाडीत सोडत होते. दाट, तेलासारखं पाणी, हाताला लागलं तर बुळबुळीत. गोदूबाई बांधावर बसून बघत राहिली. वर्षानुवर्षं तिने हे पाणी सोडलं होतं आणि एकदाही त्याच्याकडे वळून पाहिलं नव्हतं. मास्तर विचारतो अकरा ग्रॅम कुठे गेले. हे काय, इथे चाललेत की!

ती तशीच उठली. मंगळवारी दुपारी तिने कोणाला न सांगता भरतीचं पाणी आणलं आणि पुन्हा चूल पेटवली. उषा धूर बघून बाहेर आली आणि न विचारता माप घेऊन बसली. पारू आत भिंतीकडे तोंड करून पडली होती. पाणी आटलं, मीठ बसलं, गोदूबाईने बोट जिभेला लावलं आणि पातेलं उचललं. ओतल्याचा आवाज आला तशी पारू ताडकन उठून बाहेर आली.

"आये! परत ओतलास?"

"ओतला. पन कुठं ओतला ता बघ."

पाणी दुसऱ्या पातेल्यात होतं. गोदूबाईने ते चुलीवर चढवलं. हे पाणी आटवायचं काम तिनेही कधी केलं नव्हतं, आणि ते आटायला तयारच होईना. फदफदायचं, तडतडायचं, उडून हाताला चटके द्यायचं. शेवटी तळाला एक करडा, चिकट लगदा राहिला. पारूने त्यातलं कणभर जिभेवर ठेवलं आणि थू थू करत अंगणाच्या कडेला धावली. तिकडून परत आली ती मात्र चेहरा बदलून. ती दोन्ही पातेल्यांवर वाकली.

"उषा," ती म्हणाली, "समुद्रात एकच मीठ नाय. दोन हायेत. आय त्यांना वेगला करते."

आनंदा सोनाराला आता सवय झाली होती. गोरं मीठ पुन्हा चोवीसच भरलं. करडा लगदा भरला तेरा.

"चोवीस आणि तेरा सदतीस," उषा हिरमुसली. "दोन जास्त झाले. अकरा लिहू या ना? पस्तीसचा मेळ बसेल. सर काय सोनाराकडे येणार आहेत विचारायला?"

"काटा काय सांगतो?" पारूने विचारलं.

"तेरा."

"मग तेरा लिही," पारू म्हणाली. गोदूबाई दुकानाच्या पायरीवर उभी राहून ऐकत होती. तिला वाटलं, पोरीला जागा मिळो न मिळो, आपलं मीठ चांगलं निघालं.

पण घरी आल्यावर पारूचा धीर सुटला. सर एकदा दिलेले गुण बदलत नाहीत, शाळेत सगळे पुन्हा हसतील, असं काहीबाही बोलायला लागली.

"मी येते शाळेत," गोदूबाई म्हणाली. "मी सांगते मास्तरला."

पारू खाली बघत म्हणाली, "तू नको येऊ, आये."

का नको, ते गोदूबाईने विचारलं नाही. स्वतःच्या पायांकडे बघितलं, मिठाने फुटलेल्या टाचांकडे, आणि पाय पोटाशी ओढून घेतले.

बुधवारी सकाळी ती मिठागरावर एक फेरी मारून घरी आली तर पोरी शाळेत गेल्या होत्या आणि ओट्यावर दोन पुड्या तशाच. पारूने नेल्याच नव्हत्या. विसरली नव्हती; वही नेली होती, पुड्या मुद्दाम ठेवल्या होत्या, लोक हसतील म्हणून. गोदूबाईने पुड्या उचलल्या. मिठाची पुडी कोरडी होती. दुसरी पुडी हाताला ओली लागली. काल बांधली तेव्हा कागद कोरडा होता, कोणी पुडी पाण्याजवळ नेली नव्हती, आणि आता तो भिजून पारदर्शक झाला होता. कडू पाणी सुकवलं तरी पाणी सोडत नाही, हवेतलं ओढून घेतं! गोदूबाईला हे कळलं आणि तिचं ठरलं. पोर नको म्हणाली होती. पण पोर पंधरा वर्षांची होती आणि यादी उद्या जाणार होती.

केंद्राच्या कामगारांना नेऊन परत येणारा रिकामा ट्रक रस्त्यावर उभा होता. गोदूबाई हात दाखवून वर चढली. ड्रायव्हर म्हणाला, "कहाँ जाना, मौसी?" गोदूबाईने सांगितलं, "शाळंत." त्याला ते कळलं असो नसो, त्याने आणून सोडलं.

नववीचा वर्ग भरलेला होता. चुरी सर फळ्यावर काहीतरी लिहीत होते. दारात काष्टा घातलेली, गुडघ्यापर्यंत पांढऱ्या मिठाने माखलेली बाई येऊन उभी राहिली तसा पहिल्या बाकापासून शेवटपर्यंत सगळा वर्ग वळला. मागे कोणीतरी खुदकन हसलं. गोदूबाईची नजर पारूला शोधत होती. पारू तिसऱ्या बाकावर होती. तिने आईला बघितलं आणि मान खाली घातली.

गोदूबाईला वाटलं, चुकलं. पुड्या उंबऱ्यावर ठेवाव्यात आणि आल्या पावली परत जावं. ती वाकलीसुद्धा.

"कोण पाहिजे, बाई?" सरांनी विचारलं.

तेवढ्यात बाक वाजला. पारू उभी राहिली होती. तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेला.

"सर, ही माझी आई. मिठागरावर मुकादम आहे. चोवीस ग्रॅम हिनं काढले, आणि ते बरोबर आहेत."

आता कोणी हसलं नाही. पारू चालत दारापर्यंत आली, आईच्या हातून पुड्या घेतल्या. "दुसरी आपसूक भिजली. हवेतला पानी ओढते," गोदूबाई पुटपुटली. पारूने पुड्या सरांच्या टेबलावर मांडल्या. वही उघडली. सरांनी वाचलं.

"चोवीस आणि तेरा? परवा अकरा कमी होते, आज दोन जास्त?"

"हो सर. पण जास्त आहेत ते पाणी आहे. हे दुसरं जे आहे ते हवेतलं पाणी ओढतं. काल वजन केलं तेव्हाच त्यात पाणी असणार. आता तर..." तिने ओली पुडी उचलून दाखवली. टेबलावर डाग उमटला होता. "आज वजन केलं तर आणखी वाढेल. अकरा लिहिले असते तर मेळ बसला असता, पण काट्यावर तेरा आले."

सरांनी एका पुडीतला दाणा तोंडात टाकला. मग दुसरीतलं कणभर बोटावर घेतलं. गोड्या पाण्याच्या बागेतला तो माणूस. त्याचं तोंड असं काही वेडंवाकडं झालं की एरवी वर्ग लोळला असता. सरांनी उठून खिडकीतून थुंकून घेतलं, तोंड पुसलं आणि वर्गाकडे वळले.

"पस्तीस ग्रॅम लिहिणाऱ्या अडतीस जणांपैकी चुलीवर पाणी कोणी कोणी ठेवलं होतं? हात वर."

एकही हात वर झाला नाही.

"हं," सर म्हणाले. मग ते दाराकडे आले. आता त्यांच्या बोलण्यात वेगळीच अदब आली होती. "बाई, आत या. आता थांबून ओतायचं, हे तुम्हाला कळतं कसं?"

गोदूबाई आत आली. तिच्या पायांवरून फरशीवर मिठाचे कण पडत होते.

"पयला खारटपना वाढत जातो, सर. जिभेला टोचतो. मग येक येल येते, टोचना थांबतो, आनि जिभेच्या मागं, ह्या इथं, कडूपना लागतो. थोडाच. तवाच सोडायचा. तवा जो खाली बसला ता मीठ. वर ऱ्हायला ता मीठ नाय, दुसरा काय हाय. तुमी त्याला काय म्हनता?"

"मॅग्नेशियमचे क्षार," सर म्हणाले. "मुख्यतः. आम्ही दहावीला शिकवतो." ते थांबले. "आम्हाला फक्त नाव माहीत असतं." मग वर्गाकडे वळून म्हणाले, "काय बघत बसलात? लिहून घ्या. बाई, पुन्हा सांगा, जरा सावकाश."

आणि गोदूबाईने पाहिलं की ती बोलते आहे आणि चाळीस माना खाली वाकून लिहिताहेत. तिने पुन्हा सांगितलं, सावकाश. त्यात पारूचीही मान होती. आपलीच पोर आपलं वाक्य लिहून घेते आहे हे बघताना गोदूबाई मधेच थांबली, आणि पोरांना वाटलं, नवा मुद्दा सुरू करते आहे.

सरांनी दोघींच्या वहीतलं शून्य खोडलं आणि नऊ लिहिलं.

"एक कापला," ते पारूला म्हणाले. "ओतण्याबद्दल नाही. पहिल्या खेपेला ओतलं ते वहीत लिहिलं नाहीस त्याबद्दल. जे केलं ते सगळं लिहायचं."

"हो सर," पारू म्हणाली. चव्वेचाळीस आणि नऊ किती ते तिने केव्हाच मोजलं होतं. गोदूबाईने उषाकडे बघितलं. उषाने दोन्ही हात पाच वेळा उघडून पन्नास दाखवलं, मग वर तीन बोटं.

एक सोपस्कार राहिला होता. मुलीने गृहशास्त्र सोडून हे विषय घ्यायचे तर पालकाची संमती लागायची. सर मायलेकींना घेऊन कचेरीत गेले. कारकुनाने छापील फॉर्म काढला, पारूने भरला, आणि सहीच्या जागी शाईचं पॅड पुढे आलं. गोदूबाईने अंगठा दाबला. कागदावर नुसता काळा ठिपका उठला. पुसून पुन्हा दाबला, पुन्हा तसाच. वीस वर्षं मिठाने खाल्लेल्या अंगठ्यावर रेघ म्हणून उरली नव्हती.

"हा चालायचा नाही," कारकून म्हणाला. "रेघा नाहीत. अंगठा कोणाचा, ते कसं ठरवायचं? ओळख देणारा साक्षीदार पाहिजे, आणि काय म्हणून ओळखतो ते लिहावं लागेल. गावातला कोणी प्रतिष्ठित माणूस आणा."

"इकडे आणा तो कागद," चुरी सर म्हणाले. त्यांनी खिशातलं पेन काढलं, क्षणभर विचार केला, ठिपक्याखाली एक ओळ लिहिली आणि सही ठोकली. कारकुनाने वाचलं, चष्म्यावरून गोदूबाईकडे नीट बघितलं आणि शिक्का मारला.

बाहेर रस्त्याला लागल्यावर गोदूबाईने विचारलं, "मास्तरनी काय लिवला गो?"

पारूने आईचा शाईने माखलेला हात आपल्या हातात घेतला, भर बाजाररस्त्यात, शाळेतल्या पोरांच्या देखत.

"लिवला का, 'या बाईंना मी ओळखतो. यांनी आमच्या वर्गाला शिकवलं आहे.'"

गोदूबाई चालता चालता थांबली. पदराने तोंड पुसलं, डोळे पुसले, आणि मग सवयीप्रमाणे चूक काढली.

"पाव तास तर बोलले मी," ती म्हणाली. "येवढा कशाला लिवायचा?" आणि मिठागराकडे जाणारा सगळा रस्ता तिने पोरीकडून ती ओळ पुन्हा पुन्हा म्हणवून घेतली.